शेवटच्या कडव्याआधी

ग्रामोफोन पहिल्यांदा ऐकायला आलेलं माणूस गाणं सुरू झालं की कर्ण्याकडे बघत नसे. ते खाली वाकून यंत्राच्या पोटाकडे बघे. आत कोणी बसलंय का, एवढीच त्याला शंका. कोणी नाही अशी खात्री पटली, की मग ते सावकाश मान डोलवायला लागे. रत्नागिरीत रामआळीच्या टोकाला माझं दुकान होतं, आणि अशी वाकून बघणारी माणसं मी इतकी पाहिली की त्यांची गणती नाही. मी त्यांना हसत असे. पुढे एका तबकडीनं माझीच मान खाली घालायला लावली आणि माझं हसणं बंद झालं. ती हकीकत आज लिहून टाकायची आहे.

आमचं घराणं सुतारांचं. वडील पाट, पाळणे आणि देव्हारे करीत. मला मात्र बाजाच्या पेटीचं वेड लागलं. पेटी उघडायची, आतल्या पितळी पट्ट्या मोजायच्या, कुठली का बोलत नाही ते शोधायचं, यात माझा दिवस जाई. वडील म्हणत, "पोरगं लाकूड सोडून वाऱ्याच्या नादी लागलं." ते खरंच होतं. पेटी काय आणि गळा काय, दोन्ही वाऱ्याचीच कामं. मग मुंबईहून चाकरमान्यांच्या ट्रंकांबरोबर ग्रामोफोन यायला लागले आणि माझ्या दुकानावर नवी पाटी लागली: 'येथे पेट्या व फोनो दुरुस्त होतील. घाई करू नये.' दुसरी ओळ माझी स्वतःची. तिच्यावरून मला बाजारात बरीच बोलणी खावी लागली, पण ती मी शेवटपर्यंत पुसली नाही.

ग्रामोफोनच्या पोटात फारसं गूढ काही नसतं. घट्ट गुंडाळलेली एक लांब पोलादी पट्टी असते. चावी दिली की ती आवळते आणि सुटता सुटता तबकडी फिरवते. तिला तेल लागतं ते ठरावीक, आणि तबकडीच्या दर बाजूला नवी सुई लागते. एवढंच. पण एवढंच सांगून ऐकेल तो रत्नागिरीकर कसला! नाटे बंदराचे इब्राहिमभाई, दोन होड्यांचे मालक, एकदा यंत्र खांद्यावर घेऊन आले. चावी दिली की आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा. मी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरलो. भाईंनी होडीला लावतात ते माशाचं तेल पट्टीला भरभरून चोपडलं होतं.

"होडीला चालतंय, मग ह्याला काय झालं?" भाई म्हणाले.

मी तीन दिवस रॉकेलनं ते धूत होतो आणि तीन दिवस आळीतली सगळी मांजरं माझ्या पायरीवर मुक्कामाला होती. दुसऱ्या एक बाई. त्या तबकडीवर देवाचं गाणं आहे म्हणून ती फिरायला लागली की तिच्यावर हळदकुंकू आणि अक्षता वाहत. मग सुई अडखळे आणि गवई एकच शब्द घोळत बसे. त्यांना वाटे, देव प्रसन्न झाला.

पण माझ्या धंद्याचं खरं वर्ष सुरू व्हायचं ते श्रावणात. पावसाळ्यात पेट्यांना बुरशी धरते, कातडी भाता सादळतो, मृदंगाच्या वाद्या सैल पडतात. भाद्रपदात घरोघर गणपती यायचे, आणि तिथून भजनी मंडळांचा नवा मोसम सुरू व्हायचा तो थेट माघातल्या गणपतीपर्यंत. त्यामुळे श्रावणात दुकानात पाय ठेवायला जागा नसे. त्या गर्दीत एक माणूस आला की बाकीचे आपोआप गप्प बसत. ते म्हणजे गोविंदबुवा शिवलकर.

बुवा कोर्टात पट्टेवाले होते. वादी-प्रतिवादींच्या नावाचा पुकारा करणं हे त्यांचं काम. त्यांनी कोर्टाच्या पायरीवरून नाव पुकारलं की समोरच्या वडाखाली भाकरी सोडून बसलेल्या माणसाच्या हातातला घास खाली पडायचा. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना तो आवाज ठाऊक होता आणि त्यातल्या बहुतेकांना त्याची धास्ती होती. आणि संध्याकाळी तोच आवाज भजनाला लागला की हीच माणसं हात जोडून बसत. दहा-अकरा जणांचं आमचं मंडळ. बुवा मुख्य. मृदंगावर धाकू गोताड, आतल्या गावचा शेतकरी, मृदंग पाठीला बांधून दोन कोस चालत येणारा. बाकीचे टाळकरी आणि पेटीवर मी. बुवा माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. मला ते 'विष्णू' म्हणत आणि चुकलं तर भर भजनात डोळे न उघडता माझ्या दिशेनं मान वळवत. ते नेहमी डोळे मिटून गात. तरी चूक कोणाची ते त्यांना बरोबर कळे.

मंडळाची म्हणून एक आरती होती. बुवांच्या वडिलांनी ती हेदवीच्या दशभुज गणपतीचं दर्शन घेऊन परत येताना वाटेत रचली म्हणतात. सात कडव्यांची. कागदावर कुठे नव्हती. सहा कडवी सलग म्हणायची आणि मग थांबायचं. टाळ-मृदंग चालू ठेवायचे, पेटीवर एकच सूर धरून राहायचं, आणि वाट बघायची. कारण सातवं कडवं असं होतं:

ओल्या हातीं ये गे माये, कामधाम राहूं दे ।
उणें न कोणी दारीं देवा, एक दिवा पाहूं दे ॥

घरातलं एकही माणूस कमी असताना 'उणें न कोणी' असं देवापुढे म्हणायचं म्हणजे खोटं बोलणं, असा बुवांच्या वडिलांचा दंडक. तेव्हा स्वयंपाकघरातली बाई हात पुसत येईपर्यंत, गोठ्यातला माणूस पाय धुऊन येईपर्यंत, सगळं मंडळ टाळ वाजवत उभं. त्या वेळात आम्ही सगळे एकाच ठिकाणी बघत असू: स्वयंपाकघराच्या दाराकडे. शेवटचं माणूस आलं की बुवा, डोळे मिटलेलेच, कसे कोण जाणे ओळखत आणि सातवं कडवं उचलत. तिथे मोठमोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. माझ्याही येई.

मला एका वर्षी बुवांच्या आवाजात काहीतरी लागलं. पेटी दुरुस्त करणाऱ्याला एक खोड असते. पट्टी तुटायच्या आधी महिनाभर ती त्याच्या कानाला खुपायला लागते. तसं बुवांच्या वरच्या षड्जात मला खरखर ऐकू आली. दुसऱ्या कोणाला ती ऐकू येत नव्हती. मी कोणाला बोललो नाही. पण त्यांना मूलबाळ नव्हतं, आरती कागदावर नव्हती, आणि तो आवाज तर कागदावर येण्यासारखा नव्हताच. मी ज्या कंपनीच्या तबकड्या विकत होतो, तिला पत्र लिहिलं. मार्गशीर्षात मुंबईला येऊन आरती भरून द्या, असं उत्तर आलं.

बुवा ऐकायला तयार होईनात. "देव नाय, दिवा नाय, आन् आरती कोनाची म्हनू? त्या डबड्याची?"

हे त्यांच्या घरी, पडवीत चाललं होतं. आतून जानकीकाकी, त्यांच्या मंडळी, पदराला हात पुसत बाहेर आल्या. काकी सहसा आमच्या बोलण्यात पडत नसत.

"होऊंदे की एकदा," त्या म्हणाल्या. "मी मेली चाळीस वर्सं ती आरती चुलीकडनंच ऐकतंय. मोदक उकडत असतात, भाताला आधण आलेलं असतं. शेवटच्या कडव्याला तेवढी येऊन उबी ऱ्हातंय. सगळी आरती एकदा बसून ऐकायचीय मला."

बुवांनी काकींकडे बघितलं. हे त्यांना चाळीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टातून रजा मागितली.

आता अडचण वेळेची होती. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांपेक्षा थोडंच जास्त मावतं. दोन बाजू धरून सहा-साडेसहा मिनिटं. घरी आमची आरती बारा-पंधरा मिनिटं चाले आणि त्यात वाट बघण्याचा वेळ मोठा. मी हिशेब मांडला: पहिल्या बाजूला तीन कडवी, दुसऱ्या बाजूला पुढची तीन, आणि लगेच, न थांबता, सातवं. कार्तिकभर दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही हेच घोटत होतो. मी घड्याळ पेटीवर ठेवी. बुवा डोळे मिटून गाणार, त्यांना घड्याळ दिसणार कसं? तेव्हा असं ठरलं, की सहावं कडवं संपलं की मी त्यांना कोपरानं ढोसायचं. कोपर लागलं की थांबायचं नाही, सातवं उचलायचं. पहिले आठ दिवस कोपर लागूनही बुवा थांबत. मग हळूहळू जमलं. धाकू मात्र कुरकुर करी. "कोपर मारून आरती म्हनायची म्हंजी बैल हाकल्यावानी झालं." मी त्याला गप्प केलं. वेळेचं शास्त्र एकट्या मला कळतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

आगबोटीनं आमची फजिती केली. बंदरातून पडावात बसून बोटीपर्यंत जाताना सगळे भजन म्हणत होते. जयगड मागे पडेपर्यंत निम्मं मंडळ कठड्याला लागलं होतं. गाणाऱ्यानं ओकाऱ्या काढल्या की घसा सोलवटतो, म्हणून मी बुवांना लिंबू चोखायला लावलं आणि त्यांच्या पायाशी बसून राहिलो. त्यांना काही झालं नाही. मी मात्र मुंबईपर्यंत चारदा कठडा गाठला.

कंपनीची ती खोली अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. भिंतींना जाड पडदे, खाली सतरंज्या, मधे एका खांबाला टांगलेलं भोकाभोकांचं एक धातूचं डबडं. त्याच्यासमोर बसून गायचं. पलीकडच्या खोलीत गोरा साहेब आणि त्याचं यंत्र. तिथे भाकरीएवढी मेणाची जाड वडी फिरते आणि सुई तिच्यावर आवाज कोरत जाते. गंमत अशी, की कोरलेलं लगेच ऐकता येत नाही. ऐकायला गेलं तर मेण खरवडतं आणि सगळं वाया जातं. काय झालं ते तबकडी हातात येईल तेव्हाच कळायचं. तांबडा दिवा लागला की सुरू, विझला की संपलं. आमच्या मागे एक दार होतं. बाहेर दुसरे कोणी गवई आपल्या पाळीची वाट बघत होते.

बुवांनी कनवटीचा छोटा पितळी गणपती काढून त्या डबड्यासमोर ठेवला. कंपनीचा कारकून काही बोलणार होता, पण बुवांनी त्याच्याकडे कोर्टातल्यासारखं बघितलं आणि तो गप्प बसला.

पहिली बाजू घड्याळासारखी झाली. दुसरी सुरू झाली. चौथं, पाचवं. बुवांचा आवाज असा लागला होता की मला ती खरखर शोधूनही सापडेना. सहावं संपलं. टाळ वाजत होते. आणि मी काय केलं असेल?

मी दाराकडे बघितलं.

आपोआप. लहानपणापासून ज्या क्षणी मान वळायची, त्या क्षणी ती वळली. घड्याळ माझ्या नाकासमोर टिकटिकत होतं आणि मी पेटीवर सूर धरून, मान वळवून, मुंबईतल्या त्या बंद दारातून कोणी बाई हात पुसत येईल म्हणून वाट बघत होतो. धाकू तिकडेच बघत होता. सगळे टाळकरी तिकडेच. किती वेळ गेला कोण जाणे. मग कोणीतरी 'अरे' म्हटलं. तांबडा दिवा विझला होता.

साहेब काचेतून हसून मान हलवत होता. कारकून आत येऊन म्हणाला, "साहेबांना शेवट फार आवडला. टाळ हळूहळू दूर गेल्यासारखे वाटतात." मी म्हटलं, अहो, शेवट झालाच नाही, एक कडवं राहिलं, पुन्हा घ्या. तो साहेबाला विचारून आला. दुसरी वडी द्यायला साहेब तयार होता. पण बुवांनी गणपती उचलून कनवटीला लावला होता.

"आज आरती झाली," ते म्हणाले. "ही आरती एका देवाला दिवसातनं एकदाच म्हनत्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची बोट होती आणि त्याच्या पुढच्या दिवशी कोर्ट.

परत येताना बोटीवर मंडळाची तोंडं उतरली होती. बुवाच सगळ्यांची समजूत घालत होते. "माजीच सवय नडली रे. विष्णूनं एवढं शिकवलान, पन माझ्या टाळक्यात शिरलं नाय. कोपर लागलं असंल, मलाच कळलं नसंल." सगळ्यांनी मान हलवली. मी समुद्राकडे बघत बसलो. कोपर लागलंच नव्हतं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण रत्नागिरीत वेळेचं शास्त्र कळणारा मी एकटा ना! ते वाक्य माझ्या घशात अडकलं ते अडकलंच. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ आणि सातवं भरून देऊ, असं मी मोठ्यानं म्हणालो.

आषाढ लागायच्या आधी, पावसानं बोटी बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीनं, तबकड्यांची पेटी आली. मी एकट्यानं दार लावून ऐकली. बुवांचा आवाज जसाच्या तसा होता. सहावं कडवं, मग टाळ, टाळ, टाळ, आणि सुईची खरखर. मी एक प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. यंत्रही नेलं होतं. बुवा पडवीत बसले होते. म्हणाले, "अर्धवट आरती कानावर घ्यायची नाय, विष्णू. ठेव तिकडं." काकी दारात उभ्या होत्या. नवरा ऐकत नाही तर मी तरी कशी ऐकू, असं त्या नुसत्या बघण्यातून म्हणाल्या आणि आत गेल्या. मी यंत्र उचलून परत आलो. त्या दिवशी मला स्वतःची जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात दुसऱ्या कधी वाटली नसेल.

विक्रीचं मला भय होतंच. पहिलं गिऱ्हाईक एक बागायतदार. चार दिवसांत तबकडी घेऊन परत. "अर्धी आरती घरात वाजवून काय अरिष्ट आणू? तुमच्याकडे ठेवा ही." मी परत घेतली. दुसरी आली आतल्या गावातली एक म्हातारी. मुलगा मुंबईला गिरणीत, त्यानं आईला यंत्र आणून दिलेलं. ती पायरी चढली तेव्हाच मी ओळखलं, तक्रार.

"ते बुवा तुमचे," ती म्हणाली, "त्यास्नी सांगा, येवडी घाई बरी नाय."

"घाई?"

"आमची मानसं गोठ्यातनं यायला येळ लागतो. सूनबाई इहिरीवर असते. बुवा थांबत्यात, टाळ वाजवत्यात, पन मानसं येईस्तवर तुमची तबकडी गप व्हते. जरा जास्ती थांबायला सांगा."

मी विचारलं, मग शेवटचं कडवं?

"ते आमीच म्हनतो. सगळी आल्यावर." तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "ते बुवा आमच्या घरच्या मानसांची वाट बगत्यात, मग म्हनायला नको?"

म्हातारी गेली. त्या दिवसापासून दुकानात नवा नियम झाला. ज्याला ही तबकडी हवी, त्यानं आधी सातवं कडवं शिकायचं. म्हणून दाखवल्याशिवाय माल मिळणार नाही. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. कचेरीतले कारकून कान लाल करून, इकडेतिकडे बघत, पुटपुटत म्हणत. शाळामास्तर हातवारे करून म्हणत. एकदा इब्राहिमभाई आले. यंत्र ठणठणीत होतं, त्यांना ही तबकडी हवी होती.

"तुम्हाला?" मी विचारलं.

"माझ्या होडीवरल्या तांडेलाच्या घरी गणपती हाय. त्याला देतो." मी नियम सांगितला. भाई खुर्चीवर नीट बसले, दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा असं म्हणाले, की रस्त्यावरची माणसं थांबली. समुद्रावर हाका मारून कमावलेला गळा तो. त्यांच्या तोंडून 'ओल्या हातीं ये गे माये' ऐकताना मला बुवांची फार आठवण झाली. बुवा अर्ध्या कोसावर राहत होते, तरीही.

त्या भाद्रपदात बुवा गायले, पण आता खरखर सगळ्यांनाच ऐकू येत होती. दिवाळीनंतर कोर्टात त्यांचा पुकारा वडापर्यंत पोचेना. माघात आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी गळ्यात गाठ आहे म्हणून सांगितलं आणि बोलायचंच बंद केलं. कोर्टानं त्यांना मोकळं केलं. दुसऱ्यांदा मुंबईला जायचा प्रश्नच उरला नाही. बुवा पडवीत बसत, कोणी आलं तर हात वर करत, आणि काही अगदीच सांगायचं असलं तर कानाशी तोंड नेऊन नुसत्या श्वासानं बोलत.

श्रावण आला. नवा मोसम. धाकू मृदंग पाठीवर घेऊन आला आणि माझ्या दुकानात खाली बसला. "यंदा वाद्या आवळू नका, भाऊ," तो म्हणाला. "कोनासाठी वाजवायचा?" मंडळातल्या कोणाचीच मुख्य व्हायची तयारी नव्हती. बुवांच्या जागी बसणार कोण? मंडळ मोडणार हे जवळजवळ ठरलं. मी धाकूच्या मृदंगाच्या वाद्या आवळल्या, आणि म्हटलं, चतुर्थीला बुवांच्या घरी तेवढे या. पुढचं पुढे बघू.

चतुर्थीला संध्याकाळी मी यंत्र घेऊन गेलो. मंडळ आलं होतं. बुवा गणपतीसमोर भिंतीला टेकून बसले होते. मी यंत्र ठेवताना त्यांनी हात वर केला, नको अशा अर्थानं. मी त्यांच्यापुढे खाली बसलो.

"बुवा, अर्धवट आहे. माहीत आहे मला. पण उरलेलं म्हणायला आम्ही आहोत."

त्यांनी वर केलेला हात खाली घेतला. मी तोच होकार धरला. मग स्वयंपाकघरात गेलो आणि जानकीकाकींना म्हटलं, "काकी, चूल राहू दे. आज पहिल्यापासून बाहेर बसायचं." त्या मोदकांकडे बघायला लागल्या. मी चुलीतली लाकडं मागे ओढली. त्या आल्या आणि दाराशी, भिंतीला धरून बसल्या.

चावी दिली. सुई ठेवली. आणि बुवांच्या घरात बुवांचा आवाज आला. धाकूनं पहिल्या मात्रेला मृदंग धरला, मी पेटी धरली, टाळ मिळाले. मी बुवांकडे बघू शकत नव्हतो, म्हणून काकींकडे बघत होतो. चाळीस वर्षं चुलीकडून ऐकलेली आरती ती बाई मांडीवर हात ठेवून, बसून ऐकत होती. तबकडी उलटी केली. चौथं, पाचवं, सहावं. मग तबकडीतले टाळ. मग खरखर. मी सुई उचलली. पण आमचे टाळ चालूच होते आणि आता कुठलाही दिवा विझणार नव्हता.

सगळ्यांच्या माना सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथून कोणी यायचं नव्हतं. जिनं यायचं ती बाहेर बसली होती. टाळ वाजत राहिले. सातवं उचलायचं कोणी? धाकू माझ्याकडे बघे, मी टाळकऱ्यांकडे. बुवांचे ओठ हलले. आवाज नव्हता.

तेव्हा काकी उठल्या. पदराला हात पुसले. हात कोरडे होते, तरी पुसले. आणि बुवांच्या शेजारी उभ्या राहून त्यांनी सातवं कडवं म्हटलं. त्यांना गाताना आमच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं. आवाज बारीक होता, थोडा कापत होता, पण सुराला बरोबर होता. चाळीस वर्षं त्या कडव्याला उभ्या राहिलेल्या बाईला ते आलं नसतं तरच नवल. दुसऱ्या ओळीला आम्ही सगळे मिसळलो. बुवा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी रडलो हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्या वर्षी मंडळ मोडलं नाही. यंत्र आणि आम्ही मिळून घरोघर गेलो, आणि सातवं कडवं प्रत्येक घरात त्या घरच्या बाईनं म्हणायचं अशी पद्धत पडली. अजून आमच्याकडे काही घरांत ती आहे.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. प्रसाद झाला, मंडळी पांगली. काकी आत मोदक झाकून ठेवत होत्या. मी यंत्राचं झाकण लावलं आणि बुवांजवळ बसलो. पावणेदोन वर्षं घशात अडकलेलं वाक्य तेव्हा एकदाचं बाहेर पडलं.

"बुवा, मुंबईला चूक तुमची नव्हती. कोपर लागलंच नव्हतं. मी मारलंच नाही. मी विसरलो."

बुवांनी मला जवळ यायची खूण केली. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास, पण शब्दन् शब्द स्पष्ट.

"ठावं हाय मला. कोपर लागंना म्हनून मी डोळे उगडले व्हते. बगतंय तर तू दाराकडं बगत व्हतास." ते दम घ्यायला थांबले. थोडं हसलेसे वाटले. "मला वाटलं, कोनतरी येतंय. मग कसं सुरू करनार?"